चौदाव्या दिवसाचा रकाना

प्रमिला वरुटे खिडकीशी आल्या तेव्हा मी काट्याची, म्हणजे आमच्या जंतू तोलायच्या यंत्राची, नळी धूत होतो. पेशंटने प्रयोगशाळेत यायचं तसं काही कारण नसतं. नमुने ड्रोनने येतात, अहवाल फोनवर जातात. त्यामुळे खिडकीवर टकटक झाली की आम्हाला वाटतं, कुणीतरी पत्ता चुकलंय.

"मिरजेतली जंतूंची लॅब हीच का?" बाईंचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

"हीच. नमुना द्यायचाय?"

"नमुने दिलेत चार. आता उत्तर पाहिजे." त्यांनी आपला फोन काचेला टेकवला. त्यावर आमचाच अहवाल होता. "खाली सही आहे ते आवटी कोण?"

"मीच. जिनपाल आवटी."

"बरं झालं. मला वाटलं, मशीनशीच बोलावं लागतंय."

बाई चाळिशीच्या, अंगाने किडकिडीत. इचलकरंजीत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. वडिलांच्या माघारी त्याच चालवतात. यंत्रमागाची मोटर बिघडली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. मोटर उघडायच्या आधी. गावात हे काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं आणि मला ते खरं वाटलं.

"आता लावते स्क्रू ड्रायव्हर, तर नुसतं घूंऽऽ येतंय," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज होता तो गेला. बेअरिंग बारीकच बोलतंय हो. चार महिने गोळी खातेय, चार महिने सुई घेतेय, आठवड्याला तीन. डॉक्टर म्हणाले, सुईनं कान जातो थोडा, पण लॅबचा रिपोर्ट आहे की गोळी चालतेय, गोळी जोडीला आहे म्हणून सुई अजून दोन महिने रेटू. मी म्हटलं, रेटू. पण बेडक्यातला जंतू काय जाईना. म्हणून आले. आवटीसाहेब, गोळी खरंच चालतेय का?"

"अहवालात लिहिलंय ना. लागू."

"लिहिलंय ते मला वाचता येतंय. मी तुम्हाला विचारतेय. गोळी चालत असली तर कान गेला तरी रडत बसणार नाही मी. जाऊ आहे माझ्या हाताखाली, तिला शिकवीन ऐकायला. पण गोळी चालतच नसली, तर माझा कान फुकट गेला की."

"चालते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खाली बघून बोलला तुम्ही. आमच्याकडं गिऱ्हाईक सांगतंय ना, मोटर पाडली न्हाई वो, आपोआप जळली, तवा असंच खाली बघतंय."

एवढं बोलून त्या बॅटरीच्या रिक्षात बसून निघून गेल्या. मी नळी परत धुवायला घेतली. धुऊन झालेली होती, तरी धूत राहिलो.

त्या का आल्या होत्या हे समजायला जंतूबद्दल थोडं सांगावं लागेल.

क्षयाचा जंतू सगळ्यांना माहीत आहे. त्याचे चुलतभाऊ दीडशेच्या वर आहेत. ते माणसाकडून माणसाला सहसा होत नाहीत. पाण्यात, मातीत, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. क्लोरीनला फारसे भीत नाहीत. शहरांनी वापरलेलं पाणी शुद्ध करून परत नळाला सोडायला सुरुवात केली तेव्हापासून आमच्याकडे ते वाढले. क्षय कमी झाला आणि त्याने सोडलेल्या फुप्फुसांत हे चुलतभाऊ राहायला आले. त्यातला एक, ॲबसेसस, सगळ्यात हट्टी. प्रमिलाबाईंच्या बेडक्यात तोच होता. दहातली आठ औषधं त्याला लागूच पडत नाहीत. म्हणून कुठलं लागू पडतं हे आधी प्रयोगशाळेत पाहायचं, मग पेशंटला द्यायचं.

पाहायची जुनी पद्धत अशी. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट. तिच्यात शहाण्णव खळगे. प्रत्येक ओळीत एक औषध, आणि ओळीत पुढे जाल तसं औषध निम्मं निम्मं होत जातं. सगळ्या खळग्यांत पेशंटचा जंतू घालायचा, प्लेट तीस अंशांवर इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि थांबायचं. जिथे जंतू वाढला तिथे तळाशी रव्याच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसतो. जिथे औषधाने त्याला रोखलं तिथे खळगा नितळ राहतो. बहुतेक औषधांचं वाचन पाचव्या दिवशी होतं. पण गोळीचं, म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिनचं, वाचन पाचव्या दिवशी करून भागत नाही. चौदाव्या दिवशी परत करावं लागतं. कारण या जंतूत एक जनुक असतं ते झोपलेलं असतं. औषध अंगावर पडलं की ते हळूहळू जागं होतं आणि जंतू औषधाला तोंड द्यायला शिकतो. पाचव्या दिवशी खळगा नितळ असतो, चौदाव्या दिवशी त्यातच ठिपका असतो. काही जंतूंत हे जनुक मोडकं असतं. ते शिकत नाहीत. त्यांना गोळी लागू पडते. अशी आमची समजूत होती.

मग काटा आला. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही काटाच म्हणतो. केसाहून बारीक पोकळ पट्टी सतत थरथरत असते. तिच्यातून एकेक जंतू सोडायचा. जंतू जड असेल तर थरथर मंदावते. त्यावरून त्याचं वजन कळतं. औषध घातल्यावर जंतूचं वजन वाढायचं थांबलं की औषध लागू. नऊ तासांत दहा औषधांचा निकाल. झोपलेल्या जनुकाचं काय, तर काटा ते जनुकही वाचतो. जागं होण्यासारखं असेल तर तसा इशारा छापतो, मोडकं असेल तर छापतो, लागू.

चौदा दिवसांचं काम नऊ तासांत. हा काटा मिरजेला यावा म्हणून सगळ्यात जास्त धडपड मी केली. मुंबईला पत्रं लिहिली, फोन केले, माणसांच्या मागे लागलो. कारण माझी बायको.

पद्मलला हाच जंतू झाला होता. तिचे नमुने आमच्याच प्रयोगशाळेत आले. प्लेट मीच लावली. आमची पद्मल रोज पाणी गाळून प्यायची, दिवस मावळायच्या आत जेवायची. मला म्हणायची, "घरात मी एक जीव मरू नये म्हणून पाणी गाळते आणि तुम्ही तिकडं प्लेटी भरभरून मारताय. निदान मोजता तरी का?" प्लेट लावल्यापासून बाराव्या दिवशी ती गेली. चौदाव्या दिवशी मी वाचन केलं. एक औषध, हीच गोळी, चांगलं लागू पडत होतं.

तेव्हापासून मला थांबणं सहन होत नाही. रांगेत थांबणं, चहा उकळेपर्यंत थांबणं, काहीच नाही. घरात मी बसून जेवत नाही.

आता मी काय केलं ते सांगतो.

काटा वापरात आणायच्या आधी जोडचाचणी करायची होती. दोनशे चाळीस नमुने काट्यावरही करायचे आणि प्लेटवरही, आणि निकाल जुळतात का ते पाहायचं. वहीत प्रत्येक नमुन्याला दोन रकाने होते, पाचवा दिवस आणि चौदावा दिवस. नियम असा की एकाने प्लेट वाचायची, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहायचं, आणि दोघांनी सही करायची. दुसरी सही आमच्या प्रमुख डॉ. गौरी तेरदाळे यांची. पण तेरदाळे मॅडम एकट्या चार जिल्ह्यांचं काम बघतात. मी वाचायचो, त्या सही करायच्या. मी एकतीस वर्षं प्लेटी वाचतोय. माझं वाचन कुणी परत पाहत नाही. आमच्याकडे ती पद्धतच पडली होती, आणि ती मोठेपणाची वाटायची.

दोनशे चाळीसपैकी त्रेचाळीस नमुन्यांत जनुक मोडकं होतं. त्यांच्या प्लेटींवर गोळीची ओळ पाचव्या दिवशी नितळ. काटाही म्हणत होता, लागू. इनक्युबेटर भरलेला, नव्या प्लेटींना जागा नाही, आणि चाचणी डिसेंबरपर्यंत लांबणार असं दिसत होतं. मला माहीत होतं की मोडक्या जनुकाचा जंतू चौदाव्या दिवशीही तसाच असतो. एकतीस वर्षांत वेगळं पाहिलं नव्हतं. मी त्या त्रेचाळीस प्लेटी सहाव्या-सातव्या दिवशी वाफेच्या भांड्यात टाकून मारल्या आणि चौदाव्या दिवसाच्या रकान्यात पाचव्या दिवसाचे आकडे लिहिले. तारखा पुढच्या घातल्या.

चाचणी सप्टेंबरात संपली. निकाल शंभर टक्के जुळले. काटा तीन महिने आधी सुरू झाला.

त्या तीन महिन्यांत विट्याच्या एका शिक्षकाला नऊ तासांत औषध मिळालं. तो आज शाळेत जातो. असे आणखीही आहेत. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

प्रमिलाबाई गेल्या त्या दिवशी, मंगळवारी, मी फ्रीजरमधून त्यांचा जंतू काढला. वाढवून घेतला आणि शुक्रवारी जुन्या पद्धतीची प्लेट लावली. शेजारी दुसरी प्लेट, ज्याला ही गोळी रोखते हे जगाला माहीत आहे अशा ठरलेल्या जंतूची. पहिल्या प्लेटमध्ये काही गडबड झाली तर दुसरीवरून कळावं म्हणून. मॅडमना सांगितलं नाही. प्रमिलाबाईंनाही नाही. प्लेट नितळ राहिली तर कुणालाच काही सांगायला लागणार नव्हतं. तोवर आठवड्याच्या तीन सुया चालूच होत्या, हे मला माहीत होतं.

पहिले तीन दिवस मी इनक्युबेटरचं दार इतक्या वेळा उघडलं की तापमानाची घंटा वाजायला लागली.

"आवटीकाका, आत काय अंडी उबवताय का?" मॅडमनी विचारलं.

"जुनी प्लेट आहे एक. सराव राहावा म्हणून."

"सराव तुम्हाला? उद्या कोंबडी म्हणेल, मला अंड्याचा क्लास लावा." त्या हसत निघून गेल्या. त्या दिवसांत त्या खुशीत होत्या. पुढच्या महिन्यात अकरा जिल्ह्यांत काटे बसणार होते, आणि ते आमच्या जोडचाचणीच्या जोरावर.

पाचव्या दिवशी प्लेटवरची गोळीची ओळ नितळ होती. काळ्या कागदावर धरली, आरशात पाहिली, भिंगातून पाहिली. एकही ठिपका नाही. हात आपोआप वाफेच्या भांड्याकडे गेला. खरं सांगतो, गेला. मग मी प्लेट परत ठेवली आणि आवारात सात फेऱ्या मारल्या.

सातव्या दिवशी पद्मलची तिसरी पुण्यतिथी होती. बेळगावहून आमची मुलगी राजुल आली. सकाळी जैन बसदीत दर्शन घेऊन आलो. तिने आईच्या हातची असायची तशी डाळ केली होती. मी दोन घास खाल्ले, उठलो, खिडकीशी गेलो, परत येऊन बसलो.

"अण्णा, तिसऱ्यांदा उठलात. बसा की."

"लॅबला जाऊन येतो जरा."

"आज सुट्टी घेतलीय ना तुम्ही?"

"एक प्लेट आहे."

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "तुमची एक प्लेट कायमच असते."

मला राग आला. "प्लेटीला चौदा दिवस लागले म्हणून तुझी आई गेली. नऊ तासांत कळलं असतं तर आज इथं बसली असती."

"कोण म्हणतं असं?"

"कोण म्हणायला कशाला पाहिजे?"

"अण्णा, डॉक्टरांनी आपल्या दोघांना आत बोलावून सांगितलं होतं. फुप्फुस उरलेलंच नाही, आता औषध सापडलं तरी उपयोग नाही. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होता."

"होतो."

"मग?"

"ऐकलं नसेल."

ती मग म्हणाली, "आईला थांबायचा त्रास नव्हता. तुम्हाला होता. मला म्हणायची, यांना सांग गं, त्या प्लेटीकडं सारखं पळू नका, इथं बसा. तुम्ही दिवसातून तीनदा जाऊन यायचा. त्या दिवशी पण तिकडंच होता. मी फोन केला तेव्हा प्लेट हातात होती तुमच्या."

हे खरं आहे. बाराव्या दिवशी दुपारी पावणेचारला माझ्या हातात प्लेट होती. बाराव्या दिवशी ती पाहायचं काही कारणही नव्हतं.

मी ताटावर बसून राहिलो. डाळ गार झाली तरी संपवली. राजुल समोर बसून होती. त्या दिवशी मी लॅबला गेलो नाही. पाय मात्र टेबलाखाली सारखे हलत होते.

अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी प्लेट काळ्या कागदावर धरली. गोळीच्या ओळीत चार खळग्यांच्या तळाशी ठिपके होते. बारीक, पांढरे. मला वाटलं धूळ असेल. प्लेट कलती केली. धूळ सरकते. ठिपके सरकले नाहीत.

शेजारच्या, ठरलेल्या जंतूच्या प्लेटवर ती ओळ नितळ होती.

ठिपक्यातला जंतू काट्यावर घालून जनुक परत वाचून घेतलं, त्याला तासभरच लागतो. मोडकंच होतं. म्हणजे हा जंतू त्या जनुकाशिवाय शिकला होता. कुठल्या तरी दुसऱ्या वाटेने, जिची आम्हाला माहिती नाही. काट्याला ती दिसणं शक्य नव्हतं, कारण नऊ तासांत जंतू शिकतच नाही. ती फक्त प्लेटवर दिसली असती. आधीच्या त्रेचाळीस प्लेटींवर दिसली असती किंवा नसती. ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण पाहायचं काम माझं होतं.

मी प्लेट घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी ती दिव्याखाली धरली.

"कुणाची?"

"इचलकरंजीच्या प्रमिला वरुटे. काट्याने लागू दिलंय. अकरावा दिवस."

"बाहेरचा जंतू शिरला असेल."

"ठिपक्यातून काढून तपासला. तोच आहे."

"मग औषध निकामी झालं असेल अकरा दिवसांत."

"त्याच औषधाची दुसरी प्लेट शेजारी होती. ती नितळ आहे."

त्या खुर्चीत मागे रेलल्या. हुशार बाई आहेत, आणि प्रामाणिक. म्हणूनच पुढचं बोलल्या. "ठीक आहे. परत लावू, अजून दोनदा. पण एका प्लेटीवर मी काटा थांबवणार नाही, काका. मोडक्या जनुकाचे त्रेचाळीस नमुने आपण चौदा दिवस पाहिलेत. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळले. एकाच्या विरुद्ध त्रेचाळीस."

इथे मला गप्प बसता आलं असतं. दोनदा परत लावायचं म्हणजे महिना. महिन्यात अकरा जिल्ह्यांत काटे बसले असते. प्रमिलाबाईंना आणखी तेरा सुया टोचल्या गेल्या असत्या.

"ते जुळले नाहीत, मॅडम," मी म्हणालो. "मी पाहिलेच नाहीत."

"म्हणजे?"

"पाचव्या दिवसाचं वाचन चौदाव्या दिवसाच्या रकान्यात उतरवलं. प्लेटी आधीच मारल्या होत्या. त्रेचाळीसही."

बाहेर काट्याचा पंप चालू होता. त्याचा आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाही.

"माझी सही आहे शेजारी," मॅडम म्हणाल्या.

"होय."

"मी विचारलं होतं तुम्हाला. सगळ्या चौदाव्या दिवशी पाहिल्या ना, म्हणून. तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं?"

आठवत होतं. मी हसून म्हणालो होतो, पद्मलची शपथ घेऊ का?

"मी लाजले होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "काकी जाऊन दीड वर्ष झालेलं आणि मी तुम्हाला असलं विचारतेय म्हणून. न बघता सह्या केल्या." त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली, अगदी हळू. "का केलंत?"

"लवकर व्हावं म्हणून."

"कुणासाठी लवकर?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन उचलला आणि मुंबईच्या कार्यालयाला लावला. माझ्यासमोरच सांगितलं की या गोळीसाठी काट्याचा निकाल आजपासून ग्राह्य धरू नये, जोडचाचणीत खोट आहे, लेखी कळवते, आणि चौकशीत माझ्याही सहीचा विचार व्हावा. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. त्या फक्त "हो" म्हणत होत्या.

मग त्यांनी प्रमिलाबाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी चालत नसेल तर एकट्या सुईने हा आजार बरा होणार नाही, उलट सुईलाही जंतू शिकेल, आणि कान जाईल तो वेगळा. आजपासून सुई बंद. उद्या बोलवा, नवीन औषधांची जुळणी करू.

मॅडमनी फोन ठेवला. "आज सोमवार. सुईचा दिवस. तिला कळवा."

"आपण कळवलंत तर..."

"तुम्ही कळवायचं, आवटी."

बारा वर्षांत त्या मला पहिल्यांदा काका म्हणाल्या नाहीत.

मी बाहेर हॉलमध्ये येऊन नंबर लावला. हॉलमध्ये पाच जण काम करत होते. बरीच रिंग झाली.

"कोण?" मागे मोटर चालू होती.

"मिरजेहून आवटी बोलतोय."

"मोठ्यानं बोला. हात वार्निशमध्ये आहेत, फोन फळीवर आहे. चष्मा पण नाही, फोनवर उमटतात ती अक्षरं दिसत नाहीत. कोण?"

"आवटी! लॅबमधून!"

"हां, आवटीसाहेब! बोला."

"तुमची गोळी चालत नाही."

"काय चालत नाही?"

"गोळी! गोळी चालत नाही तुमच्यावर!"

हॉलमधले पाचही जण थांबले. कुणीतरी काट्याजवळून वळून पाहिलं.

"चालत नाही? तुम्हीच तर म्हणालात त्या दिवशी, चालते म्हणून."

"चुकीचं सांगितलं. अहवाल चुकीचा आहे. चूक माझी आहे."

"ऐकू येईना हो. कुणाची चूक?"

"माझी!" मी ओरडलो. "चूक माझी आहे! मशीनची चाचणी मी पुरी केली नाही! न बघता लिहिलं!"

पलीकडे त्यांनी कुणाला तरी हाक मारून मोटर बंद करायला लावली. एकदम शांत झालं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यात घरघर होती.

"न बघता लिहिलं," त्या म्हणाल्या. आवाज एवढा हळू की आता मलाच कान द्यावा लागला. "कधी?"

"दीड वर्षापूर्वी."

"आणि तुम्हाला संशय आला कधी? मी खिडकीवर आले तवा?"

"होय."

"तवापासून पाच सुया घेतल्या मी."

"माहीत आहे."

"काय?"

"माहीत आहे मला!"

मी फोन कानाला तसाच लावून उभा होतो. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, समजावून सांगावं, त्रेचाळीस नमुने, भरलेला इनक्युबेटर, पद्मल. तोंडापर्यंत आलं होतं. ते मी बोललो नाही. त्या बोलेपर्यंत थांबलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"आवटीसाहेब, शिव्या नंतर घालते," त्या म्हणाल्या. "भरपूर घालीन, त्यात कसर नाही. आधी एवढं सांगा. सिस्टर दारात सुई भरून उभी आहे. घेऊ का नको?"

"नको."

"काय?"

"नको!" मी म्हणालो. "नको, बाई! घेऊ नका!"